लेणी, संग्रहालयं आणि निसर्गस्थळं सांभाळणाऱ्या समस्त मंडळींना खुलं पत्र: नवीन काही बांधू नका, आहे ते सांगा

नमस्कार,

हे पत्र कुणा एका साहेबांना नाहीये. ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात एखादं लेणं, संग्रहालय, तळं, फुलांचं पठार, पक्षी अभयारण्य नाहीतर नदीतले रांजणखळगे आहेत त्या सगळ्यांना आहे. मग ते केंद्राचे असोत, राज्याचे असोत, नगरपालिकेचे, ट्रस्टचे किंवा ग्रामपंचायतीचे. फाइल कुणाच्या टेबलावर असते ते आम्हाला गेटवर कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळून उपयोगही नाही.

आम्ही कोण ते आधी सांगते. आम्ही पर्यटक नाही, निदान तुमच्या जाहिरातीत दिसतात तसले तरी नाही. रिसॉर्ट घेत नाही, रात्री राहत नाही. रविवारी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरायची, पाण्याच्या बाटल्या, चटई, सासूबाईंच्या गुडघ्याचा पट्टा, धाकट्याचे जादाचे कपडे हे सगळं गाडीत कोंबायचं आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी, कारण सोमवारी शाळा. पुण्यामुंबईत, नाशकात, कोल्हापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मॉलला जायचा कंटाळा आलाय आणि पोरांनी मोबाइल सोडून काहीतरी बघावं असं वाटतं म्हणून आम्ही तुमच्याकडे येतो.

आणि बघायला इतकं आहे की विचारू नका. तक्रार ती नाहीच. तक्रार एवढीच की तिथे पोचल्यावर आपण काय बघतोय ते सांगणारं कुणी नसतं. पोरगं विचारतं, आई हे काय आहे, आणि आई इकडेतिकडे बोर्ड शोधते. बोर्ड असतो हो, नाही असं नाही. जवळपास प्रत्येक जुन्या जागेवर तो निळा बोर्ड असतो की हे संरक्षित स्मारक आहे, नुकसान केलं तर २ वर्षं कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे मोडलं तर काय होईल हे आम्हाला पक्कं पाठ झालंय, पण जे मोडायचं नाही ते आहे काय हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. आणि जिथे लिहिलंय तिथे असं मराठी की मराठीत एम.ए. केलेल्या माझ्या वहिनीनेही दोनदा वाचलं आणि म्हणाली, इंग्रजी बघू बरं.

एक उदाहरण घेते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन. भारतात डोंगरात कोरलेल्या चैत्यांमधलं सगळ्यात मोठं, साधारण ४५ मीटर लांब. एकवीरेला जाणारे हजारो लोक त्याच्या दारावरून जातात, त्यातले बरेच आत डोकावतात, मोबाइल वर करून एक फोटो आणि बाहेर. आता त्या मोबाइल धरलेल्या माणसाला जर कुणी एवढंच सांगितलं की दादा, वर छताला ज्या लाकडी कमानी दिसतायत ना त्या खऱ्या लाकडाच्या आहेत आणि दोन हजार वर्षं तिथेच आहेत, तर तो मोबाइल खाली घेऊन आधी डोळ्यांनी बघेल की नाही? आणि मग पुढचा प्रश्न पोरंच विचारतात, मी स्वतः ऐकलाय, की अख्खा डोंगर दगडाचा आहे तर छताला लाकडाचा आधार कशाला? तर गंमत ही की आधार लागतच नाही. त्या काळी मोठे मंडप लाकडाचे बांधायचे, लोकांच्या डोळ्यांना तीच सवय, म्हणून दगडात कोरतानाही लाकडी घरासारखं दिसलं पाहिजे असा हट्ट. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं, आवडतं, आणि पुढच्या लेण्यात गेल्यावर तो आधी मान वर करून छत बघतो. तिथेच भिंतीवर, खांबांवर ब्राह्मी या जुन्या लिपीत लेख आहेत आणि त्यात लिहिलंय काय, तर कुणी कशासाठी दान दिलं. वैजयंती नगरीचा शेठ भूतपाल आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा एक गंधिक आहे, धेनुकाकट गावचा सुतार आहे, यवन म्हणवून घेणारे परदेशी आहेत. म्हणजे राजाने एकट्याने हुकूम सोडून केलेलं काम नाही, लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं आहे! गणपतीची वर्गणी मागत फिरणाऱ्या सोसायटीच्या पोरांना यापेक्षा जवळचं काय सांगणार? पण हे मला कसं कळलं तर घरी येऊन पुस्तकात वाचून. तिथे उभी असताना कळायला हवं होतं, पोरं समोर असताना.

तिथनं जवळच भाजे. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की चालत जाता येतं, त्यामुळे गाडी नसलेल्यांनाही परवडणारी सहल. पावसाळ्यात तिथे माणसांचा महापूर, सगळा धबधब्याखाली. मला धबधब्याचं वावडं नाही, पोरांना भिजू दे, पण वर २२ लेणी आहेत आणि त्यातल्या एका विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात, एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय असं दोन हजार वर्षांपूर्वीचं कोरीव काम आहे. तबल्याच्या क्लासला जाणारी पोरं निम्म्या पुण्यात आहेत. त्यांना खाली पायथ्याशी कुणी नुसतं सांगितलं की वर एक तबलेवालीण आहे, शोधून दाखवा, तर ती पायऱ्या पळत चढतील. त्यांना चढा चढा म्हणून ओढावं लागणार नाही.

बास, एवढंच मागणं आहे माझं. शोधायला काहीतरी द्या.

त्याऐवजी होतं काय ते सांगते, गावाचं नाव घेत नाही कारण आता सगळीकडे तेच चाललंय. निधी येतो. निधी आला की सुशोभीकरण. सुशोभीकरण म्हणजे काय, तर आधी मोठ्ठी कमान, मग पेव्हर ब्लॉक, मग लाल हृदय घालून आय लव्ह अमुक गाव अशी अक्षरं, रात्री रंग बदलणारे एलईडी, सेल्फी पॉइंट, आणि जागा उरलीच तर एक फायबरचा डायनासोर. आम्ही गेलो होतो तिथे डायनासोर होता, त्याचा आणि त्या जागेचा काडीचा संबंध नव्हता. धाकट्याने सरळ विचारलं, आई इथे डायनासोर होते का? मी काय सांगणार. तिकीट फाडणाऱ्या काकांना विचारलं तर ते हसून म्हणाले, ठेकेदाराने आणला. त्या डायनासोरच्या पैशात चाळीस चांगले बोर्ड झाले असते आणि वर्षभर दोन पोरं पगारावर ठेवता आली असती असा माझा आपला अंदाज, मी काही इंजिनियर नाही.

बरं, सांगायला फार खर्च येतो असंही नाही. सांगणारी माणसं आमच्याबरोबरच असतात कधीकधी. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, बहुतेकांना माहिती असेल. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून, घरातलं विकून, लोकांच्या माळ्यावरच्या वस्तू जमवल्या आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि सगळ्या घरगुती, म्हणजे तलवारी आहेत पण त्यापेक्षा दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, फण्या, दरवाजे, बाहुल्या, वाद्यं. तिथे आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा खरा कार्यक्रम झाला. मी लेबलं वाचत होते आणि सासूबाई लेबल न वाचता काचेच्या पलीकडच्या वस्तूंची ओळख करून देत होत्या. ही वज्री गं, टाच घासायची, आमच्याकडे पितळेची होती, न्हाणीघरात असायची. हा अडकित्ता मामंजींकडे असायचा तसा, सुपारी कातरताना बोट कसं ठेवायचं तेही दाखवलं. हा चुन्याचा डबा, हा काथाचा. हळूहळू आमच्या मागे दुसऱ्या दोन घरांची पोरं येऊन उभी राहिली, त्यांच्या आयाही, आणि एक आजोबा मध्येच म्हणाले, नाही हो, आमच्या भागात याला वेगळं म्हणतात, की झाली चर्चा सुरू. थोरलीला घरी जायचं नव्हतं. एरवी संग्रहालय म्हटलं की तिचे पाय दुखतात.

तर संग्रहालयवाल्यांनो, माझी सूचना गमतीत घेऊ नका. रविवारी सकाळी दोन तास गावातल्या दोन-चार आज्या आणि आजोबा दालनात खुर्ची टाकून बसवा. चहा द्या, जायच्या-यायच्या रिक्षाचे पैसे द्या, गळ्यात एक कार्ड अडकवा, मला विचारा असं लिहिलेलं. शेतीची अवजारं असतील तर मोट चालवलेले आजोबा अजून गावोगाव आहेत. दहा-पंधरा वर्षांनी नसतील. नंतर तुम्ही कितीही टचस्क्रीन लावा, आणि तसंही मी बघितलेल्या टचस्क्रीनपैकी निम्म्यांवर बंद आहे असा कागद चिकटवलेला होता.

लेबलांबद्दल पण बोलू द्या जरा, कारण तिथे मला खरंच राग येतो. मूर्ती, दगड, १२ वं शतक. संपलं लेबल. कुणाची मूर्ती, कुठे सापडली, नाक कुणी फोडलं, हातात काय आहे, काही नाही. पोरांना शतक कळत नाही हो. त्यांना कळतं की विहीर खणताना सापडली, नांगराला लागली, नदीत होती. महाराष्ट्रातल्या छोट्या संग्रहालयांत अशा गोष्टी आहेत की ऐकून अंगावर काटा येईल. धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. रामलिंगप्पा लामतुरे या माणसाने आयुष्यभर तिथल्या मातीतून निघालेल्या वस्तू गोळा केल्या, त्यांच्याच नावाचं संग्रहालय आहे. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, टीचभर, आणि तिच्याशी मिळतीजुळती दुसरी कुठे सापडली माहितीये, तर इटलीत, पाँपेईला, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात, १९३८ साली! कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला उत्खनन झालं तर पंचगंगेच्या काठी कोण निघावं, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, ब्राँझचा. आता कोल्हापूरच्या पोरांना हे माहिती आहे का? माझ्या माहेरच्या भाचरांना विचारलं, त्यांना माहिती नव्हतं, आणि ती दर आठवड्याला भेळ खातात कुठे, तर जिथे संग्रहालय आहे त्याच टाऊन हॉलच्या बागेत.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही एकमेकांशी बोलत नाही असं आम्हाला बाहेरून वाटतं. घारापुरीला जायला लाँचचं तिकीट काढून तासभर समुद्रातून गेलं की पोरं पहिला प्रश्न विचारतात, एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठाय? बरोबर प्रश्न आहे. पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर दगडी हत्ती होता, त्यावरून त्यांनी हे नाव ठेवलं. १८६४ मध्ये तो उचलून नेताना तुटला, नंतर त्याचे तुकडे जोडले आणि आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे एकाच गोष्टीची दोन टोकं मुंबईतच आहेत, आणि दोन रविवारांची सोय आपोआप झाली. बेटावर जेट्टीपाशी फक्त एक बोर्ड हवा, इथला हत्ती बघायचाय तर भायखळ्याला या, आणि भायखळ्याला हत्तीपाशी दुसरा बोर्ड, माझं घर बघायचंय तर गेटवेवरून लाँच पकडा. पोरं आईबाबांच्या मागे लागतील की नाही बघा.

आता निसर्गाच्या जागा. तिथे तर अजूनच अवघड, कारण लेण्यात निदान कळतं की माणसाने काहीतरी केलंय, इथे नुसता दगड. निघोजचे रांजणखळगे बघायला पुण्याहून सकाळी निघून दुपारपर्यंत निवांत होतं. मळगंगेचं देऊळ आहे, खाली कुकडीचं पात्र आणि त्यात काळ्या कातळाला पडलेली ही भोकं, काही घागरीएवढी, काहींत अख्खा माणूस मावेल एवढी. लोक म्हणतात देवीची करणी, म्हणोत, मला त्यात काही वाईट वाटत नाही. पण त्या खळग्यात वाकून बघितलं तर तळाशी गोल गोटे दिसतात ना, तेच खरे कारागीर. पुराच्या पाण्याच्या भोवऱ्यात गोटा सापडला की तो गरागरा फिरतो, कातळ खरवडतो, वर्षानुवर्षं, पाणी ओसरलं की थांबतो, पुढच्या पावसाळ्यात परत कामाला. थोरलीला हे सांगितल्यावर तिने पाऊण तास प्रत्येक खळग्यात गोटा आहे का नाही ते तपासलं. आणि सुरक्षेचा बोर्डही असा हवा की कारण कळेल. नुसतं धोका, जवळ जाऊ नये, असं लाल अक्षरात लिहिलं तर कॉलेजची पोरं हमखास जवळ जातात. त्याऐवजी लिहा की आतल्या बाजू घासून काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात, आत पडलं तर पकडायला काही नाही, पोहता येत असलं तरी बाहेर यायला जमत नाही. हे वाचल्यावर माझा नवरा स्वतःहून चार पावलं मागे येईल, त्याला मी ओळखते.

लोणारला संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथलं तर काय सांगावं. आकाशातून उल्का पडून झालेलं विवर, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि तेही बेसॉल्टमध्ये म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात. चंद्रावर जे काळे डाग दिसतात तिथला खडक याच जातीचा, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ बुलढाण्याला येतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं, प्रलय येणार वगैरे. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. ही गोष्ट काठावर उभं राहून ऐकण्याची आहे, खाली पाण्याचा वास येत असताना. सहावीच्या पुस्तकात दोन ओळीत वाचण्याची नाही.

कासबद्दल थोडंसंच लिहिते, कारण तिथे गर्दीचं ऑनलाइन बुकिंग वगैरे करून काहीतरी शिस्त आणायचा प्रयत्न तरी झालाय. पण २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात नाव असलेल्या पठारावर लोक येतात आणि म्हणतात, फुलं कुठायत, फोटोत तर गालिचा होता. फोटोतला गालिचा ऊन-पावसाच्या मर्जीवर. गालिचा नसला तरी गुडघे टेकून बघितलं तर जांभ्याच्या कातळावर बोटभर मातीत किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत, सीतेची आसवं आहेत, दवबिंदू आहे. किडे का खातात? कारण मातीत खायला काही नाही. एवढं कळलं की पोरं गालिचा विसरतात. मोठ्यांचं सांगता येत नाही, मोठ्यांना डीपी बदलायचा असतो.

आता तुम्ही म्हणाल बाई सांगायला सोपं आहे, माणसं कुठून आणायची. तर कोकणात बघा. रत्नागिरी, राजापूर, तिकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, कातळशिल्पं आहेत, जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं, काय काय. गावातल्या लोकांना चित्रं माहीत होती, गुरं चारणाऱ्यांना माहीत होती, पण ती आहेत काय याचा शोध घेत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्याबरोबरची मंडळी गावोगाव लोकांना विचारत फिरली, आणि २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, गोव्याच्या कुशावतीकाठच्या चित्रांसकट. सुरुवात कुठून झाली, तर गावकऱ्याला विचारण्यापासून. आम्ही एका सड्यावर गेलो तिथे शेजारच्या वाडीतला दहावीतला मुलगा आमच्याबरोबर आला, त्याला कुणी ट्रेनिंग दिलेलं नव्हतं, पण ऊन कलतं झालं की रेघ कशी उठून दिसते ते त्याला माहीत होतं, बाटलीतलं थोडं पाणी शिंपडून दाखवू का म्हणाला आणि मग स्वतःच म्हणाला नको, सारखं सारखं करू नये. शंभर रुपये आम्ही आनंदाने दिले. असा एकेक पोरगा प्रत्येक ठिकाणी आहे. आज तो पार्किंगच्या पावत्या फाडतोय किंवा मॅगी विकतोय. त्याला आठ दिवस कुणा जाणकाराबरोबर फिरवा, ओळखपत्र द्या, दर ठरवून फलकावर लिहा म्हणजे घासाघीस नको, आणि येऊ दे की त्याच्या घरात चार पैसे.

नाणेघाटात असा एक मुलगा असता तर काय बहार येईल. गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या दानाचे आकडे कोरलेत, भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी ते आहेत. आणि समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते, आता पुतळे गेले, फक्त पावलांच्या खुणा आणि वर नावं राहिली. राजांची नुसती पावलं! पोरांना अजून काय हवं असतं? बाहेर तो दगडी रांजण, जकातीचे पैसे टाकायचे त्यात असं सांगतात. आणि शनिवार-रविवारी लोक काय करतात, रांजणावर बसून रील.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. लोकच असे आहेत, कचरा करतात, बदाम कोरतात, स्पीकर लावतात, यांना काय सांगायचं. खरंय, करतात. मी लेण्यात वेफर्सच्या पिशव्या उचलल्यात आणि उचलताना शिव्याही घातल्यात. पण एका लेण्यात धाकट्याला भिंतीवरच्या छिन्नीच्या रेघा दाखवल्या होत्या, तिरक्या, एकाशेजारी एक, आणि सांगितलं होतं की ही एका माणसाच्या हाताची रेघ, तो दमला की इथे थांबला असेल, ही पुढची वेगळी आहे, कदाचित दुसऱ्याची. पाच मिनिटांनी कुठलासा मुलगा खडूने भिंतीवर काहीतरी काढत होता तर आमचा सात वर्षांचा नवाब त्याला जाऊन सांगतो, ए, ते काकांनी केलंय. काकांनी! मी काही बोलले नाही, त्या मुलाच्या आईने खडू काढून घेतला. शिट्टी मारणारा वॉचमन तिथेच होता, त्याचं लक्ष नव्हतं.

आता जरा रोजच्या अडचणी, कारण त्याशिवाय वरचं सगळं हवेत राहील. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांना लेणी बघायचीत, पण पायथ्याशी उभं राहून त्यांना ठरवता येत नाही की चढावं की नाही, कारण पायऱ्या किती ते कुठे लिहिलेलं नसतं, मध्ये बसायला जागा आहे का माहीत नसतं, आणि वर टॉयलेट आहे का हे तर बायका दबक्या आवाजात खाली येणाऱ्या बायकांना विचारतात. आहे पण कुलूप आहे, हे ठरलेलं उत्तर. किल्ली कुणाकडे, तर जो आज आलेला नाही त्याच्याकडे. त्यामुळे कित्येक घरात आजी गाडीतच बसते, चटई टाकून झाडाखाली, आणि तिच्याबरोबर एक सून बसते. म्हणजे दोन माणसं कमी झाली, आणि सांगणारं होतं तेच माणूस खाली राहिलं. पायथ्याच्या बोर्डावर तीन ओळी लिहायला काय जातं? पायऱ्या इतक्या, पाणी कुठे, टॉयलेट कुठे. आणि ज्यांना वर जाता येणार नाही त्यांच्यासाठी खाली चार मोठे फोटो आणि एक बाक. बाक सावलीत ठेवा, हे लिहावं लागतंय म्हणजे बघा.

सुट्टीच्या वारांचा गोंधळ तर विचारूच नका. घारापुरी सोमवारी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि आतली कान्हेरी सोमवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद पण वेरूळ मंगळवारी, काही संग्रहालयं बुधवारी. वार ठरलेले असू दे, कर्मचाऱ्यांनाही सुट्टी पाहिजेच, त्यांच्यावर माझा राग नाही. पण शाळांना सुट्टी सोमवारची जोडून आली की अख्खी कुटुंबं लांबून येऊन गेटवर हात हलवत परत जातात. आम्हीही एका ठिकाणाहून असेच परत आलोय, आणि बंदचा बोर्ड कुठे होता तर गेटच्या आतल्या बाजूला. जोडून सुट्टी येते ती कॅलेंडरवर वर्षभर आधी दिसते. त्या सोमवारी उघडा, बदल्यात मंगळवारी बंद ठेवा आणि गुगल मॅपवर वेळ बदला. मॅप बदलायला तर निधीही लागत नाही, ऑफिसातल्या कुठल्याही तरुण मुलाला सांगा, दोन मिनिटांत करेल.

तिकिटाबद्दल माझी तक्रार नाही. पुरातत्त्वच्या जागांवर १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे ही चांगली गोष्ट आहे, बऱ्याच पालकांना माहीतच नसते. हवं तर मोठ्यांकडून दहा रुपये जास्त घ्या, पण त्या दहा रुपयात हातात एक कागद द्या, दोन्ही बाजूंनी छापलेला, साध्या मराठीत, पोरांनी शोधायच्या पाच-सात गोष्टी आणि मागे नकाशा. पोरं तो कागद वर्षभर कपाटाला चिकटवून ठेवतात. ब्राह्मीतली दोन-चार अक्षरं छापा, थोरलीच्या वर्गात सध्या ब्राह्मीत चिठ्ठ्या पास होतायत, बाईंना वाचता येत नाही म्हणून.

आणि कृपा करून हे लिहायचं काम टेंडर काढून एजन्सीला देऊ नका. जवळच्या झेडपी शाळेतल्या एखाद्या बाईंना द्या, नाहीतर कॉलेजातल्या इतिहास-भूगोलाच्या सरांना. लिहून झालं की चौथीच्या वर्गात वाचून बघा. जिथे पोरं चुळबुळ करतील ती ओळ काढा.

दिवाळीच्या सुट्टीला अजून वेळ आहे. सगळं होणार नाही हे मलाही कळतं, मी सरकारी नोकरी केलेल्या माणसाची मुलगी आहे, कागद कसा फिरतो ते लहानपणापासून ऐकलंय. पण पायऱ्यांचा बोर्ड, टॉयलेटची किल्ली आणि गेटच्या बाहेरच्या बाजूला लावलेला बंदचा वार एवढं तरी तोपर्यंत होईल ना? आम्ही नोव्हेंबरात येतोय, सासूबाईंना घेऊन.

आपली,
डबा घेऊन येणारी एक आई, पुणे